बुद्धिबळातील प्रारंभखेळ्या

बुद्धिबळाच्या डावातील आरंभीच्या, साधारणतः आठ ते पंधरा खेळ्यांच्या टप्प्यास ‘प्रारंभ’ असे म्हणतात. या टप्प्यात दोन्ही खेळाडू आपापले मोहरे मूळ घरांतून बाहेर काढतात, पटाच्या मध्यावर ताबा मिळविण्याचा प्रयत्न करतात आणि राजाला सुरक्षित जागी नेतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने व विश्लेषणाने खेळ्यांचे जे क्रम उभय पक्षांना समाधानकारक ठरले, त्यांना स्वतंत्र नावे मिळाली व त्यांचे एक शास्त्रच तयार झाले. इटालियन प्रारंभ, रुय लोपेझ, सिसिलियन बचाव, फ्रेंच बचाव ही त्यांपैकी काही परिचित नावे होत. भारतीय उपखंडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रारंभांचा गटही या शास्त्रात मोठा आहे. येथील देशी बुद्धिबळाची परंपरा मात्र या शास्त्राच्या बाहेरच वाढली. ही विसंगती का निर्माण झाली आणि देशी खेळाडूंनी तिची कोणती किंमत मोजली, हा या खेळाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

निवडीचे स्वरूप : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पांढऱ्या मोहऱ्यांच्या खेळाडूस पहिल्या खेळीसाठी २० पर्याय असतात : आठ प्याद्यांपैकी कोणतेही एक प्यादे एक किंवा दोन घरे पुढे सारणे आणि दोन घोड्यांपैकी कोणताही एक दोन घरांपैकी एका घरी नेणे. काळ्यालाही तितकेच पर्याय असल्याने दोघांची एकेक खेळी होताच ४०० भिन्न स्थिती संभवतात. यांपैकी फारच थोड्या व्यवहारात खेळल्या जातात. निवड करताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो : मध्याच्या चार घरांवरील प्रभाव, मोहरे बाहेर काढण्याचा वेग आणि राजाची सुरक्षितता. तथापि हे तिन्ही हेतू एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत. वेगासाठी एखादे प्यादे बळी द्यावे लागते, तर सुरक्षिततेसाठी मध्य काही काळ सोडून द्यावा लागतो. म्हणून प्रारंभाची निवड म्हणजे कोणता लाभ घ्यावयाचा व त्याबदली काय सोडावयाचे, याचा निर्णय होय. हा निर्णय खेळाच्या नियमांशी इतका निगडित असतो, की एखादा नियम बदलताच पूर्वीचा उत्तम प्रारंभ निरुपयोगी ठरू शकतो.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी : अरबांनी इराणमार्गे स्वीकारलेल्या शतरंजमध्ये आजच्या वजिराच्या जागी असलेला मोहरा तिरपा एकच घर चाले व आजच्या उंटाच्या जागी असलेला मोहरा तिरप्या रेषेत दोन घरांची उडी घेई. प्यादी एकेकच घर पुढे सरकत. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडण्यास बराच वेळ लागे. तोवर प्रत्येक खेळाडू प्रतिपक्षाच्या खेळ्यांकडे फारसे लक्ष न देता आपल्या पसंतीची मांडणी पूर्ण करी. अशा मांडणीस अरबीमध्ये ‘तबिया’ (सैन्याची रचना) असे म्हणत. नवव्या शतकातील अल्-अदली व दहाव्या शतकातील अस्-सूली या ख्यातनाम खेळाडूंनी आपल्या ग्रंथांत तबियांचे विवेचन केले. ‘मुजन्नह’ (पंख असलेली) व ‘सय्याल’ (पुरासारखी वाहणारी) अशी नावे या मांडण्यांना दिलेली आढळतात. आजही एखाद्या प्रारंभातून पुनःपुन्हा निर्माण होणाऱ्या ठरावीक स्थितीस जगभरचे खेळाडू ‘तबिया’ हाच शब्द वापरतात. भारतीय युद्धशास्त्रातील व्यूहाच्या कल्पनेशी तिचे साम्य उघड आहे.

दख्खनमध्ये या खेळाची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे वर्णन येते. मूळच्या पैठणच्या व पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात भगवंतभास्कर हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ रचला. त्यातील राजनीतिविषयक भागात बुद्धिबळाची माहिती असून, घोडा पटाच्या ६४ घरांतून प्रत्येक घरी एकदाच नेण्याच्या कोड्याची उकलही दिली आहे. मुंबईत १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या विलासमणिमंजरी या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध झाले. त्यात मात कशी करावी हे दाखविणाऱ्या अखेरच्या स्थितींचा संग्रह आहे. या ग्रंथांत मोहऱ्यांच्या चाली, कोडी आणि शेवटाचा खेळ यांवर भर आढळतो. प्रारंभाचे ज्ञान मुख्यतः वडिलांकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जात असे. त्याची नोंद न झाल्याने ज्या पिढीत नियम बदलले, त्या पिढीबरोबर त्याचा मोठा भाग लोपला.

देशी पद्धतीतील प्रारंभ : एकोणिसाव्या शतकात प्रचलित असलेल्या देशी बुद्धिबळात वजीर व उंट यांच्या चाली आजच्याप्रमाणेच होत्या. भेद होता तो प्रामुख्याने प्यादी व राजा यांच्या बाबतीत. प्रांतोप्रांती नियमांत फरक असला, तरी पुढील वैशिष्ट्ये सर्वसाधारणपणे आढळतात : प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरकते. किल्लेकोट करता येत नाही, मात्र राजाला शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येते. अखेरच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्यास त्या स्तंभाच्या मूळ मोहऱ्याचे रूप मिळते : हत्तीच्या स्तंभात हत्ती, घोड्याच्या स्तंभात घोडा, आणि राजाच्या व वजिराच्या स्तंभांत वजीर. काही भागांत आरंभीच्या ठरावीक संख्येच्या खेळ्या प्रत्येक खेळाडू एकदम करून घेई. मात्र त्यांत पटाचा मध्य ओलांडण्यास मनाई असे. ही प्रथा तबियांच्या कल्पनेशी जवळची आहे.

या नियमांचे प्रारंभावर होणारे परिणाम लक्षणीय आहेत. पहिल्या खेळीचे पर्याय, राजाची उडी सोडल्यास, २० वरून १२ वर येतात. राजापुढील प्यादे चौथ्या ओळीत नेण्यास एकाऐवजी दोन खेळ्या खर्ची पडतात. साहजिकच मध्यावरील झटापट लांबते व डाव संथ, पण भक्कम मांडणीचा बनतो. घोड्यापुढील प्यादे एक घर सारून रिकाम्या झालेल्या घरी उंट बसविला, की तो पटाच्या सर्वांत लांब कर्णावर रोखला जातो. यूरोपीय खेळाडूस ही रचना मंद वाटे, कारण त्याची मध्याची प्यादी एका खेळीत दोन घरे पुढे जाऊ शकत. देशी खेळाडूच्या दृष्टीने मात्र ती स्वाभाविकच होती, कारण त्याच्या पद्धतीत कोणतेच प्यादे त्याहून वेगाने चालत नसे.

राजाच्या उडीचा प्रश्न याहून नाजूक होता. मूळ घरात उभ्या असलेल्या राजाला अडीच घरांच्या चालीने दुसऱ्या ओळीतील दोनच घरे गाठता येतात : एक राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील आणि दुसरे वजिराच्या बाजूच्या उंटापुढील. ही दोन्ही घरे आरंभी प्याद्यांनी व्यापलेली असतात. म्हणून राजा कोठे लपवावयाचा हे आधी ठरवून त्या घरचे प्यादे पुढे सारावे लागे. परंतु घोड्यापुढील ते घर उंटालाही हवे असे. उंटास लांब कर्ण द्यावा, की ते घर राजासाठी राखून ठेवावे, ही निवड देशी प्रारंभाच्या मुळाशी होती. शिवाय राजाला एकदा शह बसला, की उडीचा हक्क कायमचा जाई. त्यामुळे आंतरराष्ट्रीय खेळात ज्या पोकळ शहाला नवशिक्याचा दोष मानतात, तो देशी खेळात खरोखर उपयुक्त ठरू शके, आणि तो टाळण्यासाठी राजासमोरील तिरप्या रेषा वेळीच बंद कराव्या लागत.

प्याद्यांच्या बढतीचा नियमही प्रारंभावर दूरचा परिणाम करी. आंतरराष्ट्रीय खेळात कोणतेही प्यादे शेवटी वजीर होऊ शकते. देशी खेळात मात्र ही शक्यता मुख्यतः मधल्या दोन प्याद्यांपुरती मर्यादित होती. त्यांची आरंभीच अदलाबदल करणे म्हणजे शेवटी नवा वजीर मिळण्याची आशा कमी करणे होय. म्हणून मधली प्यादी जोर देऊन राखणे आणि कडेच्या प्याद्यांनी प्रतिपक्षाला छेडणे हे धोरण सयुक्तिक ठरे. थोडक्यात, देशी प्रारंभ हा मागासलेला प्रारंभ नव्हता. तो वेगळ्या नियमांना दिलेले सुसंगत उत्तर होता.

यूरोपीय प्रारंभशास्त्राशी संपर्क : पंधराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात वजीर व उंट यांना आजची लांब पल्ल्याची चाल मिळाली. त्यामुळे डाव पहिल्या दहा खेळ्यांतच संपू शकेल इतका धारदार झाला व प्रारंभाच्या अभ्यासाला तातडीचे महत्त्व आले. स्पेनमध्ये लुसेनाचा ग्रंथ १४९७ मध्ये आणि रुय लोपेझचा १५६१ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच खेळाडू फिलिदोर याच्या १७४९ मधील ग्रंथाने प्याद्यांच्या रचनेचे महत्त्व प्रस्थापित केले. छापील ग्रंथांमुळे एका शहरात लागलेला शोध दुसऱ्या शहरातील खेळाडूस उपलब्ध झाला. यूरोपीय खेळाडूचे बळ केवळ त्याच्या बुद्धीत नव्हते, तर या साठविलेल्या ज्ञानातही होते.

हे ज्ञान भारतात ब्रिटिशांबरोबर आले आणि काही भारतीय खेळाडूंनी ते त्वरेने आत्मसात केले. १८२८-२९ मध्ये मद्रास व हैदराबाद यांच्यात पत्रद्वारा सामना झाला. मद्रासच्या बाजूचा प्रमुख खेळाडू गुलाम कासिम याने जेम्स कॉक्रन याच्या सहकार्याने १८२९ मध्ये मद्रास येथे म्यूझिओ गॅम्बिटचे विश्लेषण करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. या प्रारंभात पांढरा खेळाडू आपला घोडा बळी देऊन काळ्या राजावर झपाट्याने हल्ला चढवितो. पाचव्या खेळीस किल्लेकोट करण्याऐवजी वजिरापुढील प्यादे दोन घरे सारण्याचा जो उपप्रकार आहे, तो गुलाम कासिमच्याच नावाने ओळखला जातो. देशी खेळात अशक्य असलेली ही दुहेरी चाल त्याने हल्ल्याचे साधन म्हणून वापरली, हे विशेष होय.

याहून दूरगामी ठरले ते कलकत्त्यातील डाव. जॉन कॉक्रन (गुलाम कासिमच्या सहकाऱ्याहून ही वेगळी व्यक्ती) हा तेथे वकिली करणारा बलाढ्य ब्रिटिश खेळाडू होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोहेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी त्याचे अनेक डाव झाले व त्यांपैकी काही इंग्लंडमधील नियतकालिकांत छापले गेले. डाव आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होत, परंतु मोहेशचंद्राचा हात देशी पद्धतीत घडलेला होता. पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सारले असता तो तेच उत्तर न देता घोडा बाहेर काढी, राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सारी आणि उंट लांब कर्णावर बसवी. मध्य प्रतिपक्षाला देऊन नंतर त्यावर दुरून मारा करावयाचा, असा हा डाव होता. १८५५ च्या मे महिन्यातील त्यांच्या एका डावात जो खेळीक्रम आढळतो, तोच पुढे १९२२ मध्ये ऑस्ट्रियन खेळाडू एर्न्स्ट ग्रूनफेल्ड याने प्रचारात आणला व तो ग्रूनफेल्ड बचाव म्हणून प्रसिद्ध झाला. ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. १८४८ मध्ये मोहेशचंद्राविरुद्धच कॉक्रनने चौथ्या खेळीस घोड्याचा बळी देण्याचा प्रयोग केला. तो ‘कॉक्रन गॅम्बिट’ म्हणून आजही खेळला जातो.

‘इंडियन बचाव’ ही संज्ञा १८८४ पासून आढळते व ती मोहेशचंद्राच्या खेळावरून पडली असे मानण्यात येते. तथापि त्या काळी या रचनेकडे एक विचित्र प्रकार म्हणूनच पाहिले जाई. पहिल्या महायुद्धानंतर निम्झोविच, रेटी, ब्रेयर, टार्टाकोव्हर इ. खेळाडूंनी मध्य प्याद्यांनी व्यापण्याऐवजी मोहऱ्यांनी नियंत्रित करण्याचे तत्त्व मांडले, तेव्हा या प्रारंभांना प्रतिष्ठा लाभली. पुढे ब्रॉन्स्टाइन, बोलेस्लाव्हस्की, गेलर या सोव्हिएट खेळाडूंनी किंग्ज इंडियन बचावाचा सखोल विकास केला. बेलग्रेड येथून १९७४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या प्रारंभकोशात सर्व प्रारंभांची ५०० संकेतांकांत व पाच खंडांत विभागणी केली आहे. त्यातील पाचव्या खंडाचा बहुतांश भाग इंडियन प्रारंभांनीच व्यापलेला आहे.

सुलतान खान आणि संक्रमणाची किंमत : देशी पद्धतीकडून आंतरराष्ट्रीय पद्धतीकडे जाताना खेळाडूला काय सोसावे लागे, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. त्याचे शिक्षण देशी नियमांत झाले होते. आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्याबरोबर तो १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्याने मिळविले. १९३२ व १९३३ मध्येही ते त्याने पुन्हा जिंकले. १९३०, १९३१ व १९३३ च्या ऑलिंपियाडमध्ये तो ब्रिटिश संघाच्या पहिल्या पटावर खेळला. प्रारंभांचे पुस्तकी ज्ञान त्याला जवळजवळ नव्हते. विल्यम विंटर व फ्रेड येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्याला त्या बाबतीत साहाय्य केले, तरी अनेक डावांत तो प्रारंभातून अवघडलेल्या स्थितीत बाहेर पडे आणि मधल्या व अखेरच्या खेळातील असामान्य कौशल्याने ती सावरे. प्रत्येक डावाच्या आरंभी प्रतिपक्षाला असा लाभ देऊन खेळणे ही शिकस्तीची लढत होती.

याच काळातील त्याचा एक डाव मात्र वेगळी बाजू दाखवितो. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याचा ६५ खेळ्यांत पराभव केला. प्रारंभ क्वीन्स इंडियन बचावाचा होता आणि पांढऱ्याकडून खेळताना सुलतान खानाने पाचव्या खेळीस वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे केवळ एक घर सारले. वेगाच्या दृष्टीने ही खेळी वाया गेल्यासारखी दिसते, परंतु तिने काळ्या उंटाचे त्या बाजूचे घर बंद होते. पुढे जगज्जेता पेट्रोस्यान याच्या नावाने हीच पद्धत ओळखली गेली आणि १९८० नंतरच्या दशकात कास्पारॉव्हने तिचा प्रभावी वापर केला. एकेक घर प्यादी सारण्याच्या सवयीत वाढलेल्या खेळाडूस ही खेळी सहज सुचली असावी, असे म्हणता येईल.

सुलतान खान १९३३ च्या अखेरीस भारतात परतला. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर या मराठी खेळाडूविरुद्धच्या दहा डावांच्या सामन्यात त्याने एकच डाव बरोबरीत सोडला व उरलेले सर्व जिंकले. त्यानंतर तो स्पर्धात्मक खेळातून जवळजवळ दिसेनासा झाला व १९६६ मध्ये निधन पावला. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर पद दिले.

महाराष्ट्रातील परिवर्तन : महाराष्ट्रात सांगली, पुणे व मुंबई ही या खेळाची जुनी केंद्रे होत. देशी व आंतरराष्ट्रीय या दोन्ही पद्धती येथे दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या. घरगुती खेळात देशी नियम आजही कोठेकोठे पाळले जातात आणि डावाच्या आरंभी ‘प्यादे एक घर की दोन घरे’ असे विचारून घेण्याची रीत त्याचीच खूण होय. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना झाली. १९५५ मध्ये एलुरू (आंध्र प्रदेश) येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना संयुक्त विजेतेपद मिळाले. राष्ट्रीय स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी होऊ लागल्यावर प्रारंभाचे ग्रंथ वाचणे अपरिहार्य ठरले. परदेशी पुस्तके व नियतकालिके मिळविणे मात्र सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेरचे असे. एकच प्रत अनेकांनी हाताळावी, खेळ्या वहीत उतरवून घ्याव्यात, अशीच परिस्थिती बराच काळ होती.

या परिस्थितीतही महाराष्ट्रातील खेळाडूंनी केलेली प्रगती उल्लेखनीय आहे. १९७४ मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती खाडिलकर विजयी झाल्या. त्यांच्या भगिनी जयश्री यांना १९७९ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हे पद मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. तिसऱ्या भगिनी रोहिणी यांनी १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत भाग घेतला व १९८१ मध्ये आशियाई महिला अजिंक्यपद मिळविले. प्रवीण ठिपसे हे १९९७ मध्ये महाराष्ट्राचे पहिले व भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. पुण्याचे अभिजित कुंटे यांना २००० मध्ये हे पद प्राप्त झाले. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये बाटुमी (जॉर्जिया) येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळविले. दोन-तीन पिढ्यांतच वहीत उतरविलेल्या खेळ्यांकडून संगणकीय संग्रहांकडे झालेला हा प्रवास आहे. सुलतान खानाच्या पिढीला नडलेला ग्रंथांचा अभाव आता उरलेला नाही.

गो खेळातील जोसेकी : प्रारंभाच्या निवडीचा प्रश्न केवळ बुद्धिबळापुरता नाही. चीनमध्ये उगम पावलेल्या व जपानमध्ये विशेष विकसित झालेल्या गो या खेळात १९ उभ्या व १९ आडव्या रेषांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळे व पांढरे खडे आळीपाळीने ठेवून प्रदेश व्यापावयाचा असतो. पटाच्या दोन बाजू कोपऱ्यात आयत्याच मिळत असल्याने तेथे प्रदेश राखण्यास कमी खडे लागतात व म्हणून डावाची सुरुवात कोपऱ्यांतून होते. कोपऱ्यातील ज्या खेळीक्रमातून उभयतांना समसमान फल मिळते, त्यास ‘जोसेकी’ म्हणतात. बहुधा एकास कोपऱ्यातील प्रदेश आणि दुसऱ्यास बाहेरच्या बाजूस प्रभाव मिळतो. हा समतोल मात्र त्या कोपऱ्यापुरताच असतो. बाहेर मिळालेल्या प्रभावाच्या दिशेने शेजारच्या कोपऱ्यात प्रतिपक्षाचे खडे भक्कम असतील, तर तो प्रभाव वाया जातो व जोसेकी बिनचूक खेळूनही डाव बिघडतो. म्हणून संपूर्ण पट पाहून जोसेकी निवडावी लागते. जोसेकी पाठ केल्याने खेळाडू दोन खड्यांनी दुबळा होतो, अशा आशयाची म्हण गो खेळाडूंत प्रचलित आहे. तिचा रोख पाठांतरावर आहे, अभ्यासावर नव्हे.

या खेळातही परंपरेने निषिद्ध मानलेल्या खेळ्या पुढे मान्य झाल्याचे दिसते. होनिन्बो या जपानी घराण्याच्या परंपरेत कोपऱ्यातील दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेषांच्या छेदबिंदूवर पहिला खडा ठेवणे वर्ज्य होते. १९३३ मध्ये गो सेइगेन या तरुण खेळाडूने होनिन्बो शुसाई याच्याविरुद्ध नेमकी हीच सुरुवात करून खळबळ उडवून दिली. गो सेइगेन व कितानी मिनोरू यांनी त्या सुमारास पुरस्कारलेली नवी प्रारंभपद्धती वेग व मध्य यांवर भर देणारी होती. २०१६ मध्ये आल्फागो या संगणकीय प्रणालीने सोल येथे ली सेडोल याचा ४–१ असा पराभव केला. त्यानंतरच्या काळात, कोपऱ्यातील त्याच तिसऱ्या रेषांच्या बिंदूवर डावाच्या आरंभीच घुसण्याची चाल संगणकांच्या अनुकरणाने सर्वत्र रूढ झाली. पूर्वी ती अकाली मानली जाई.

संगणकयुगातील प्रारंभ : बुद्धिबळातही संगणकांनी प्रारंभशास्त्राचे स्वरूप पालटले आहे. संगणक प्रत्येक स्थितीचे मूल्यमापन क्षणात करतो. परिणामी कधीकाळी जोखमीचे मानलेले खेळीक्रम पुन्हा वापरात आले, तर प्रतिष्ठित समजल्या गेलेल्या काहींची मोडतोड झाली. आघाडीच्या खेळाडूंचे प्रारंभ वीस-पंचवीस खेळ्यांपर्यंत पूर्वतयारीने ठरलेले असतात. शिकणाऱ्या मुलांमध्ये यामुळे कारण न समजता खेळ्या पाठ करण्याची प्रवृत्ती वाढते आणि प्रतिपक्षाने पुस्तकाबाहेरची एखादी साधी खेळी केली तरी ती गोंधळतात. पाठांतराचा हा भार कमी करण्यासाठी अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशर याने १९९६ मध्ये नवा प्रकार सुचविला. त्यात मागील ओळीतील मोहऱ्यांची मांडणी ९६० प्रकारांतून चिठ्ठीने निवडतात. या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये झाली.

नव्या मांडणीसमोर बसलेला खेळाडू बऱ्याच अंशी मोहेशचंद्र व सुलतान खान यांच्याच स्थितीत असतो. पाठ केलेला क्रम त्याच्या उपयोगी पडत नाही. मध्य कोणाच्या ताब्यात आहे, कोणते मोहरे बिनजोर आहे, राजाला आसरा कोठे मिळेल, हे प्रश्न त्याला पहिल्या खेळीपासून स्वतःच सोडवावे लागतात. देशी खेळाडूंनी या प्रश्नांची आपल्या नियमांपुरती शोधलेली उत्तरे बव्हंशी नोंदीअभावी नष्ट झाली. त्यांपैकी जी थोडी छापील डावांतून टिकली, त्यांतूनच इंडियन बचावांचे नाव रूढ झाले.